कोरडा पंच

साताऱ्यात लेकीच्या फ्लॅटमध्ये आकारामअण्णा पलंगावर पडून होते, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण त्यांच्या तोंडाकडे बघण्याआधी पलंगाच्या कडेला लोंबणाऱ्या पिशवीकडे बघत होता. बघून झालं की तिच्या रंगावर बोलत होता.

"काल कोकमाच्या सरबतागत हुती. आज बरी दिसतीया," जावयाचे चुलते म्हणाले आणि त्यांनी पोह्यांची बशी उचलली.

अण्णांना शिसारी आली. आपल्या अंगातून निघालेली ती नळी, तिच्यातून ठिबकणारं ते लालसर पाणी, आणि समोर बसून हा माणूस पोहे खातोय, वर लिंबाची फोड मागतोय. त्यांनी चादर ओढून पिशवी झाकली. चुलत्यांनी वाकून चादर बाजूला सारली.

"ऱ्हाऊ द्या की. नजरंसमोर असलेली बरी. माझी तर लय दिवस हुती." मग चुलत्यांनी स्वतःच्या ऑपरेशनची सगळी हकिकत सांगितली. कुठं जळजळलं, कधी अडकलं, काय बाहेर पडलं. मधून मधून ते बोटानं शेंगदाणे वेचत होते.

अण्णांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं होतं. बाहेरून टाका नाही की ओरखडा नाही, त्यामुळे लोकांना ते ऑपरेशन वाटतच नव्हतं, सगळे खुशाल येऊन बसत होते. डॉक्टर म्हणजे एक कोवळा पोरगा. त्यानं ऑपरेशनच्या आधी समजावून सांगताना म्हटलं होतं, "आजोबा, ही ग्रंथी सुपारीएवढी असते. तुमची मोसंबीएवढी झालीये." तेव्हापासून अण्णांना मोसंबी बघवत नव्हती. आणि येणारा प्रत्येक जण पिशवी भरून मोसंबी आणत होता. टेबलावर त्यांचा ढीग झाला होता. अण्णा भिंतीकडे तोंड करून झोपत.

"पाणी मात्र दाबून प्यायचं," डॉक्टरनं जाताना बजावलं होतं. "दीड महिना तरी कोरडं राहायचं नाही. आतली खपली कधीही सुटते. पाणी कमी पडलं तर गाठी होऊन अडकतील. जड उचलायचं नाही, जिने चढायचे नाहीत, उन्हात बसायचं नाही."

अण्णांनी मान हलवली होती. पण पाणी म्हटल्यावर त्यांचं तोंड कडू झालं, ते बनुबाईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, नजरेतून सुटलं नव्हतं.

कारण अण्णांचं सगळं नाव होतं ते कोरडं राहण्यावर.

सारी नोकरी कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर गेली, पण आष्ट्यात त्यांना लेथमुळं कुणी ओळखत नव्हतं. ओळखत होते कबुतरांमुळं. घराच्या माळवदावर ढाबळ होती, म्हणजे कबुतरांचं लाकडी घर, आणि तिच्यात उंच उडणारी गिरेबाज कबुतरं. उन्हाळ्यात आष्टा, मिरज, सांगली इथल्या शौकिनांच्या स्पर्धा लागत. नियम साधा. सकाळी पंच पक्ष्याच्या पंखावर शिक्का मारतो, मालक पक्षी सोडतो, आणि जो पक्षी सगळ्यात उशिरा आपल्या ढाबळीवर उतरेल तो जिंकला. मध्येच कुठं तारेवर, टाकीवर, शेजारच्या पत्र्यावर क्षणभर जरी टेकला तरी उड्डाण बाद. पक्षी दुपारी उंच गेला की दिसेनासा होतो, त्याला हरकत नाही, कारण तिथं बसायला काही नसतं. पण खाली आला की पंचाची नजर त्याच्यावरून हलता कामा नये. संध्याकाळी कमिटी पंचाला एकच प्रश्न विचारते. नजर सुटली? पंच म्हणतो, न्हाई. तेवढ्या एका शब्दावर ढाल कुणाच्या घरी जायची ते ठरतं.

अण्णांना हे शिकवलं अर्जुना वस्तादांनी. तेव्हाचं आष्टं कौलांचं होतं. आभाळात तारा नव्हत्या, गच्च्यांवर काळ्या टाक्या नव्हत्या, आणि वस्तादांच्या माळवदावरून थेट नदीकाठच्या झाडांची रेघ दिसायची. वस्ताद आदल्या सांजेपासून पाण्याचा घोट घेत नसत. सकाळी मूठभर फुटाणे खायचे आणि पक्षी उतरेपर्यंत मांडी मोडायची नाही. "पंच उठला की त्याचा शब्द उठला," ते म्हणायचे. दुपारी पक्षी आभाळात विरघळला, खालची माणसं जेवायला गेली, तरी वस्ताद बसून. त्यांच्या मागं अण्णा बसायला लागले. किती उन्हाळे बसले, पण उठले नाहीत. पोरं त्यांना कोरडा पंच म्हणायची, आणि ते ऐकून अण्णांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

आता त्याच माणसाच्या उशाला पाण्याची बाटली आणि पायथ्याला मुताची पिशवी.

बरं, मन रमवायला खिडकीबाहेर बघावं तर तिथंही घाण. फ्लॅटच्या खिडकीत एसीच्या पेटीवर रानपारव्यांनी काड्या टाकल्या होत्या. राखाडी, मळकट, डोळे लाल, पाय सडलेले. दिवसभर घुमायचं आणि शिटायचं. जावई राजवर्धन जाळी बसवायला माणूस बोलावत होता.

"मामा, ह्या कबुतरांनी वैताग आणलाय. दमा होतो म्हणे ह्यांच्या घाणीनं."

"ही कबुतरं न्हवंत," अण्णा म्हणाले. "पारवं हायत. ह्या खिडकीतनं त्या खिडकीत जायचं आणि बसायचं. ह्येला उडणं म्हणत्यात व्हय?"

जावई हसला. त्याला दोन्ही सारखीच. अण्णांना त्या पारव्यांची किळस वाटत होती, आणि आपल्या पाखरांना त्यांच्या रांगेत बसवलं म्हणून जावयाचीही.

पिशवी भरली की बनुबाई ती बादलीत रिकामी करायच्या. अण्णा डोळे मिटून घ्यायचे. लेकीनं, रेश्मानं, आईसाठी हातमोजे आणून दिले होते, ते तसेच पडून होते.

"तू मोजं घाल की. घाण न्हाई वाटत व्हय तुला?"

"लगीन झाल्यापास्नं तुमच्या कबुतरांची शीट खरवडत आलीया मी," बनुबाई म्हणाल्या. "माळवदावरनं पदरात पडायची, पिठात पडायची. तवा तुमास्नी घाण वाटली न्हाई. ह्ये तर निस्तं पाणी हाय."

पिशवीचा रंग हळूहळू फिका झाला आणि एक दिवस डॉक्टरनं नळी काढली. आता सुटलो, असं त्यांना वाटलं. पण खरी किळस पुढंच होती. उठलं की ठिबके. खोकलं की ठिबके. रेश्मानं एक पुडकं वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं आणि बापाकडे न बघता कपाटात ठेवलं. त्यात मोठ्या माणसांचे लंगोट होते, लहान पोरांना घालतात तसले, कडेला चिकटपट्टी असलेले.

पहिल्यांदा तो बांधून ते आरशासमोरून गेले आणि परत फिरले. चालताना त्याचा कागदी आवाज येत होता. बाथरूममध्ये जाऊन त्यांनी दोनदा तोंड धुतलं.

डॉक्टर म्हणाला होता, हे थोड्या दिवसांचं आहे, पाणी पीत राहा, मूळचा ताबा परत येईल. अण्णांनी त्यातलं सोयीचं तेवढं ऐकलं. पाणी कमी प्यालं की ठिबकणं कमी होतं, एवढं त्यांचं त्यांनी शोधून काढलं. बाटलीतलं पाणी ते खिडकीतल्या तुळशीला घालू लागले. बनुबाईंना तुळस कुजल्यावर कळलं.

"आवं, तुळशीचं ऑपरेशन झालंय का तुमचं?"

आष्ट्याला परत येताना राजवर्धननं गाडी सावकाश चालवली. तरी कराडजवळ अण्णांना उतरावं लागलं. हायवेच्या कडेला, धाब्यामागच्या त्या मोरीत, जिथं भिंतीला पिवळे ओघळ होते आणि माश्या उठत होत्या, तिथं उभं राहून त्यांना वाटलं, सगळ्या माणसाच्या जातीचाच उबग आलाय.

घरी आले त्याच दिवशी लालासाहेब आला. अण्णांच्या कबुतरांना इतके दिवस दाणापाणी त्यानंच घातलं होतं. वयानं लहान, पण शौक तसाच. त्याच्याकडं एक काळा पांढऱ्या शेपटीचा नर होता, अण्णांच्याच ढाबळीतल्या जोडीचा. तो यंदा अंतिम फेरीत मिरजेच्या पक्ष्यासमोर आला होता.

"अण्णा, माझ्या छतावर पंच म्हणून तुमीच बसायचं."

"मी? तुझ्या छतावर? मिरजवालं मानतील व्हय?"

"त्येंनीच नाव घेतलंय. म्हणलं, आकारामअण्णा बसत असतील तर आमाला दुसरा माणूस नको. दुसरा कोण बी आला तर आमचा माणूस शेजारी बसणार. आता बोला."

स्वयंपाकघरातून बनुबाई बाहेर आल्या. "लालासाहेब, त्यास्नी डाक्टरनं जिना चढू नको म्हणून सांगितलंय. पाण्याची बाटली जवळ ठेवून बसायचं हाय. तिथं तुझ्या उनात कुठं घेऊन चाललास त्यास्नी?"

"काकी, छत्री लावतो की. पाणी ठेवतो. संडास बी हाय वर, जिन्याजवळ."

"संडासाचं काम न्हाई," अण्णा म्हणाले. "येतो मी."

"मिरजवाल्यांनी नाव घेतलं म्हणजे झालं," बनुबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. आतून भांडी जरा जोरात वाजली.

मिरजवाल्यांनी दुसरा माणूस नको म्हटलं होतं. महिनाभर लोकांनी ज्यांची फक्त पिशवी बघितली, त्यांच्या शब्दाची अजून कुणाला तरी किंमत होती. हा शब्द राखायचा, मग अंगाचं काय व्हायचं ते होवो, असं अण्णांनी ठरवलं. आणि तो राखायचा वस्तादांनी दाखवलेला एकच मार्ग त्यांना माहीत होता. आदल्या सांजेपासून त्यांनी पाणी बंद केलं. बनुबाईंनी भरलेला तांब्या पहाटे जसाच्या तसा होता. धोतराखाली त्यांनी तो लंगोट बांधला, फुटाणे खिशात टाकले आणि बायको अंघोळीला गेलेली बघून निघाले.

लालासाहेबाच्या छतावर छत्री होती, खुर्ची होती, माठ होता. अण्णांनी नराच्या पंखावर शिक्का मारला. पक्षी हातात धरल्यावर त्याच्या छातीची धडधड बोटांना लागली, तेवढंच महिनाभरात एक स्वच्छ काही हाताला लागलं. लालासाहेबानं सोडला तसा तो सरळ वर गेला. दोन घिरट्या, तीन घिरट्या, मग ऊन चढेपर्यंत मोहरीएवढा ठिपका, आणि मग तोही नाही.

दुपारी छत तापलं. खालून मटणाचा वास आला, माणसं जेवायला बसली.

"अण्णा, आता पाखरू दिसत बी न्हाई," लालासाहेब म्हणाला. "खाली येऊन दोन घास खावा. जाऊन या जरा. कोण काय म्हणतंय?"

"तू जेवून ये."

"पाणी तरी प्या."

"नको म्हणलं न्हवं."

लालासाहेब गेला. अण्णांच्या ओटीपोटात केव्हाच निखारा पडला होता. बसल्या जागी थोडं थोडं सुटत होतं. पाणी कमी म्हणून घाण कमी होईल असा त्यांचा हिशेब होता, तो उलटा पडला. जे येत होतं ते घट्ट, कढत आणि उग्र वासाचं. लंगोट घामानं आणि त्यानं मांड्यांना चिकटला. एक माशी गुडघ्यावर येऊन बसली. उडवली तर दुसरी आली. अण्णांना स्वतःचा वास येत होता. ढाबळीतली जुनी शीट तापली की येतो तसला, पण त्याहून वाईट, कारण हा त्यांचा होता. त्यांना वस्ताद आठवले. माळवदावर मांडी घालून बसलेले, पांढरं धोतर, अंगाला उन्हाचा वास. वस्तादांना असलं काही झालंच नसेल? की झालं होतं, आणि पोरांना कळू दिलं नाही? शेवटी शेवटी वस्ताद सतरंजी घरून आणायचे आणि सगळ्यांच्या नंतर एकटेच गुंडाळून न्यायचे. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. तेव्हा अण्णांना तो मोठ्या माणसाचा मान वाटला होता.

उन्हं उतरली तसा ठिपका परत दिसायला लागला. जेवून परत वर आलेल्या लालासाहेबाला मिरजेचा पक्षी मघाशीच उतरल्याचा फोन आला. आता लालासाहेबाचा नर नुसता उतरला तरी जिंकला होता, फक्त मध्ये कुठं टेकायचा नव्हता. तो खाली खाली येत होता, थकलेला, पंख जड झालेला. शेजारच्या गच्चीवरच्या काळ्या टाकीला धरून फिरत होता. हीच वेळ नजरेची.

आणि त्याच वेळी अण्णांच्या आत काहीतरी अडकलं. कळ अशी आली की डोळ्यांपुढं पिवळं झालं. मूत्राशय फुटेल असं वाटलं आणि थेंब बाहेर येईना. दात आवळून ते बसले. पक्षी टाकीवरून गेला. परत आला. दुसऱ्या कळेला ते उठले, कधी उठले ते त्यांनाही कळलं नाही, आणि भिंतीला धरत जिन्याजवळच्या संडासात शिरले.

आत कोपऱ्यात झाडणी होती, तिला केस चिकटलेले. नळ ठिबकत होता. अण्णा भिंतीला कपाळ टेकून उभे राहिले. लंगोट सोडला, तो खाली पडला, त्याच्याकडं बघवेना. मग आतून गोचडीएवढी काळी गाठ सुटली, तिच्यामागं दुसरी, आणि त्यामागं रक्तमिश्रित पाणी जोरात आलं. फरशीवर, पायावर, धोतराच्या काठावर.

बाहेर आले तेव्हा नर हवेत होता. टाकीच्या अगदी जवळ, पंख फडफडवत, जणू आत्ताच उठला असावा किंवा बसायचा विचार करत असावा. लालासाहेब टाकीकडं नाही, अण्णांच्या धोतराकडं बघत होता. मग त्यानं मान वळवली.

"उडतच हुता, अण्णा," तो म्हणाला. "मी बघत हुतो."

"बसला न्हाई?"

"न्हाई म्हणलं न्हवं."

त्यानं खरं सांगितलं की खोटं, हे अण्णांना कधीच कळणार नव्हतं. मालकाची नजर धरत नाहीत, नियमच तो. आणखी थोडं फिरून नर आपल्या ढाबळीवर उतरला, चोच वासून. खालून आरोळ्या आल्या, शिट्ट्या आल्या. कुणीतरी गुलाल घेऊन जिना चढायला लागलं. लालासाहेबानं माठातलं पाणी पक्ष्याला दाखवलं, आणि मग फोन आला. कमिटीचा जोतिबा होता. लालासाहेबानं फोन मोठ्या आवाजावर करून अण्णांच्या पुढं धरला. वर आलेली माणसं भोवती गोळा झाली.

"आकारामअण्णा, राम राम. पाखरू उतरलं?"

"उतरलं."

"नजर सुटली?"

लालासाहेब त्यांच्याकडं बघत होता. इतके दिवस त्यांच्या कबुतरांना ज्यानं ज्वारी घातली तो लालासाहेब. अण्णांनी आयुष्यभर या प्रश्नाला एकच उत्तर दिलं होतं आणि आता ते जिभेवर तयार होतं. ते बोललं की संपलं. मग धोतर बदलायचं, घरी जायचं, कुणाला काही कळणार नाही. पण आपण संडासात करून आलेली ती घाण त्यांना आठवली. ती पाण्यानं धुऊन जाणार होती. खोट्या शब्दाची ही गेली नसती.

"सुटली," ते म्हणाले.

"आं?"

"सुटली म्हणलं. पाखरू टाकीपाशी खाली आलं हुतं, तवा मी मुतायला गेलतो. अडकलं हुतं. किती येळ लागला म्हाईत न्हाई."

फोनवर मागं मिरजवाल्यांची कुजबुज ऐकू आली. कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला गप केलं.

"मग उड्डाण बाद," जोतिबा म्हणाला. "अण्णा, तब्येत बरी हाय न्हवं?"

"न्हाई," अण्णा म्हणाले.

गुलालवाला अर्ध्या जिन्यातच थांबला. लालासाहेबानं फोन बंद केला, पक्षी ढाबळीत सोडला, दार लावलं. त्याची पाठ अण्णांकडं होती.

"दुपारी सांगत हुतो जावा म्हणून," तो शेवटी म्हणाला. "आभाळात काय बी नव्हतं तवा. तवा गेला असता तर काय बिघडलं असतं?"

वस्तादांच्या सतरंजीबद्दल याला काय सांगायचं?

"पाणी दे," अण्णा म्हणाले.

लालासाहेबानं माठातून तांब्या भरून आणला. राग होता, पण तांब्या दोन्ही हातांनी दिला. अण्णा सगळ्यांच्या देखत तो घटाघटा प्याले. पाणी हनुवटीवरून गळ्यात, सदऱ्यात गेलं. माठाची चव होती, तळाशी गाळ होता. त्यांनी दुसरा मागितला.

जिन्यात बाईची पावलं वाजली. कुणीतरी बनुबाईंना सांगितलं असावं. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती, वर धुतलेलं धोतर दिसत होतं. त्यांनी अण्णांच्या धोतराच्या काठाकडं बघितलं, मग संडासाच्या उघड्या दाराकडं. तोंडावर पदर घेतला नाही, नाकही मुरडलं नाही. लालासाहेबाची बादली उचलून त्या नळाखाली धरायला निघाल्या.

"ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले. "माझं हाय, मी धुतो."

"तुमाला जड उचलायचं न्हाई."

"मग तू बादली धर. झाडणी मी मारतो."

दोघं आत गेली. छतावर उभी असलेली माणसं एकेक करून खाली उतरली. आतून बराच वेळ पाणी ओतल्याचा आणि झाडणीचा आवाज येत होता, आणि मध्येच बनुबाई म्हणाल्या, "कोपऱ्यात ऱ्हायलं बघा. कबुतरांचं असतं तर दिसलं असतं तुमाला."